दांडा सोडा, पुढे बघा

अंगावरून वारं गेलेल्या माणसाला आमच्याकडे आणलं की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘मशीनवर कधी घेणार?’ मशीन म्हणजे ट्रेडमिल. हॉलच्या एका बाजूला ती उभी आहे. वर छताला लोखंडी आडवा बार, त्याला लोंबणारा हार्नेस आणि समोर चमकणारे लाल आकडे. गाद्या, लाकडी पायऱ्या, समांतर दांडे, फुगवलेला मोठा चेंडू, या सगळ्यांकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मुंबईहून डिस्चार्ज घेऊन, मांडव्याच्या जेट्टीवर उतरून नाहीतर वडखळच्या रस्त्याने हाडं खिळखिळी करून घेत आलेल्या कुटुंबाला वाटतं, आता खरे उपचार सुरू होणार. आणि मी पहिले काही दिवस बाबांना कुशीवर वळायला, काठावर बसायला, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उठायला शिकवत बसते. तोंडावर कुणी बोलत नाही, पण जाताना चपला घालायला जरा जास्तच वेळ लागतो.

मुंबईत फिजिओथेरपी शिकून, तिथेच थोडी नोकरी करून मी अलिबागला परत आले, त्याला आता बरीच वर्षं झाली. क्लिनिकमध्येही काम केलं आणि थळपासून रेवदंड्यापर्यंत घरोघर जाऊनही. आमच्या किनाऱ्यावर झटका आलेल्या माणसाचं पहिलं भांडण अंतराशी असतं. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. मुरूडच्या पलीकडच्या एखाद्या वाडीतून गाडी मिळवून, घाट चढून उतरून पोचेपर्यंत घड्याळ निघून गेलेलं असतं. कित्येकांना तर झटका झोपेतच येतो. सकाळी चहाचा कप हातातून पडतो तेव्हा घरात कळतं, म्हणजे वेळ कधीपासून मोजायची हाच प्रश्न. त्यामुळे माझ्यापर्यंत जो माणूस येतो त्याचं व्हायचं ते नुकसान होऊन गेलेलं असतं. मधल्या काळात काहींनी कबुतराच्या रक्ताची मालिशही करून घेतलेली असते. झटका कशाने आला हे शोधायला फार खोल जावं लागत नाही. बीपीची गोळी बंद केली होती. का? बरं वाटत होतं म्हणून.

ट्रेडमिल नेमकं काय करते ते आधी सांगते, कारण तिच्याबद्दलचा आदर आणि राग दोन्ही बहुधा ते न कळल्यामुळे असतात. जमिनीवर चालताना लकवा मारलेला पाय मागे जातच नाही. पेशंट बरा पाय पुढे टाकतो आणि अधू पाय कमरेतून अर्धगोल फिरवून त्याच्या शेजारी आणून ठेवतो. खुबा मागे ताणला जात नाही. एरवी खुबा मागे ताणला गेला, भार दुसऱ्या पायावर गेला, की मागचं पाऊल उचलायला आतूनच चालना मिळते. मज्जारज्जूची ही जुनी सवय आहे. मज्जारज्जू कापलेली मांजरंसुद्धा सरकत्या पट्ट्यावर ठेवून सराव दिला की मागच्या पायांनी चालू लागतात, हे प्रयोगशाळेत दिसलं होतं. त्यातूनच माँट्रियलच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात माणसाचं थोडं वजन वरून उचलून धरायचं आणि त्याला पट्ट्यावर चालवायचं ही कल्पना पुढे आणली. पुढच्या दशकात बर्लिनमध्ये स्टेफान हेसे यांनी ती लकव्याच्या पेशंटांवर वापरली. पट्टा पाय मागे ओढून नेतो, खुबा ताणतो आणि पुढच्या पावलाची वेळ ठरवून देतो. पेशंटला ‘चालू की नको’ असा विचार करायला उसंत मिळत नाही, आणि लकव्यानंतरच्या चालण्यात ही उसंत फार नडते.

पट्ट्याकडे पाठ करूनही मला कळतं कोण कसं चालतंय. ‘ठप्’ म्हणजे बरा पाय. ‘सर्र’ म्हणजे लकव्याचा, ज्याचा चवडा वर येत नाही आणि बुटाचं टोक रबरावरून घासत जातं. सुरुवातीला ठप् लांब, सर्र आखूड. मग कधीतरी सर्रच्या शेवटी एक बारीकसा ‘टप्’ ऐकू यायला लागतो, टाच टेकल्याचा. हा आवाज ऐकायची मला इतकी सवय झालीय की रस्त्याने चालणाऱ्या अनोळखी माणसांच्या चपलाही मी ऐकत असते. घरचे वैतागतात.

पण ही झाली पावलाची गोष्ट, तोलाची वेगळी. आणि तोलाची गोष्ट पट्ट्याच्या कडेच्या दांड्यापाशी येऊन अडते.

रेवदंड्याच्या बाजूचे एक वाडीवाले काका होते. नारळ-सुपारीची वडिलोपार्जित वाडी, सत्तरीच्या अलीकडचं वय, डावी बाजू गेलेली, पण पायात बरीच ताकद परतलेली. पट्ट्यावर चढले की उजव्या हाताने दांडा असा आवळायचे की बोटांची पेरं पांढरी पडायची. ‘रहाटाला जुंपलंत मला,’ असं म्हणत दहा-दहा मिनिटं चालायचे. वेग वाढला, पावलं सारखी पडायला लागली. घरी मात्र पडवीतून अंगणात उतरायला दोन माणसं लागायची. मुलगा म्हणायचा, मशीनवर तर छान चालतात. चालत होतेच, पण हाताने. दांडा न हलणारा आहे आणि तो घट्ट धरला की शरीराला आपण कुठे आहोत हे हातातूनच कळतं. घोटे, खुबे, कानातली तोलाची यंत्रणा यांना काही करावंच लागत नाही. त्यात लकव्यात एकच हात धड असतो. त्या एकाच हाताने दांडा धरला की सगळं अंग त्या बाजूला कलतं. अधू पायावर यायचा तो भारही बऱ्याच अंशी दांड्यावर जातो. ज्यासाठी माणसाला पट्ट्यावर चढवला, नेमकं तेच राहून जातं.

त्यांची मूठ सोडवायला मी काय काय केलं! आधी मूठ उघडून तळवा नुसता टेकवायचा. मग दोन बोटं. मग एक बोट. एका बोटाचा नुसता स्पर्श, ज्यात अंग पेलण्याचा जोर अजिबात नसतो, तोही माणसाचं डोलणं कमी करतो. शरीराला आधारापेक्षा खबर हवी असते. काका एका बोटापर्यंत आले आणि तिथेच थांबले. मी दांड्याला सुती कापडाची एक सैल पट्टी बांधून ती हातात दिली. धरल्याचं समाधान मिळतं, आधार शून्य. दोन दिवसांत त्यांनी ती पट्टी मनगटाला गुंडाळून पुन्हा दांडाच पकडला. हुशार माणूस! मागे हार्नेस होता, कमरेच्या पट्ट्याला माझा हात होता, शर्टाला लाल दोरीची सेफ्टी क्लिप होती, म्हणजे ती ओढली गेली की पट्टा थांबणार. पडण्याची सोयच नव्हती. पण भीतीला अशा तांत्रिक गोष्टी पटत नाहीत.

याच्या उलट एक तांडेल. आयुष्य मचव्यावर गेलेला माणूस. उजवी बाजू अधू, बोलणं जरा जड झालेलं. पहिल्या दिवशी त्यांनी मशीनकडे नजर टाकली आणि मला सांगितलं, ‘मना होरीन बसाचा हाय, बाय.’ म्हणजे, मला होडीत बसायचंय. पट्ट्यावर चढल्यावर त्यांनी जे केलं ते मी इतर कुणाला शिकवायला महिनोन्महिने घालवते. गुडघे किंचित सैल सोडले आणि नजर लांब ठेवली. जमिनीवरची माणसं पायांकडे बघतात. मान खाली जाते, मानेमागे छाती आणि छातीमागे तोल. तांडेलाने समोरच्या भिंतीकडे असं पाहिलं की जणू पलीकडे खांदेरीचं बेट दिसत होतं. मी वेग अचानक किंचित कमीजास्त केला तर गुडघ्यातून तो झटका गिळायचे. गंमत म्हणजे साध्या फरशीवर ते जास्त लटपटायचे. जमीन हलत नाही म्हणून पडायला होतं, ही त्यांची तक्रार होती आणि ती मी अजूनही पूर्णपणे खोटी मानत नाही.

त्यांच्याबरोबर मी एक खेळ सुरू केला. चालता चालता विचारायचं, ‘आज पंचमी, भरती किती वाजता?’ किनाऱ्यावरचा हिशेब सोपा आहे. तिथीला तीनने गुणायचं आणि चाराने भागायचं, की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. तांडेलाच्या तोंडात हे उत्तर झोपेतही असायचं. पण झटक्यानंतर, चालत असताना तिथी विचारली की पाऊल चुकायचं. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटं टिपण लिहिलं होतं. चालताना बोलायला लागलं की जे म्हातारे लोक थांबतात, ते पुढच्या काही महिन्यांत पडण्याची शक्यता जास्त. पट्ट्यावर थांबता येत नाही, त्यामुळे तिथे दुसरंच काही मोडतं. पाऊल आखूड होतं, अंग दांड्याकडे झुकतं. बाजारात, एसटी स्टँडवर, मासळीच्या लिलावात माणूस नुसता चालत नसतो. तो भाव करत असतो, हाक मारत असतो, मागून आलेल्या रिक्षाला शिव्या घालत असतो. म्हणून तिथीचा खेळ मी आजही सोडलेला नाही. बागायतदारांना नारळाचा हिशेब विचारते, निवृत्त शिक्षकांना पाढे. शिक्षक मंडळी मात्र चिडतात, त्यांना परीक्षा द्यायची सवय नसते.

मासळी विकणाऱ्या एक बाई होत्या. त्यांची डावी बाजू गेली होती आणि त्याबरोबर डावीकडचं जगही. डोळे शाबूत, पण मेंदू डावीकडे लक्षच देत नाही. जेवताना ताटाची डावी बाजू तशीच राहते, पदर डावीकडून घसरला तरी पत्ता नसतो. पट्ट्यावर त्या हळूहळू डावीकडे सरकत जायच्या, इतक्या की चप्पल काढून घातलेला कॅनव्हासचा बूट मशीनच्या कडेला घासायला लागायचा. मी डाव्या दांड्याला लाल चिकटपट्टी लावली. डाव्या भिंतीवर कालनिर्णय टांगलं आणि दर मिनिटाला त्यांना एक तारीख वाचायला लावली. त्या पानाच्या फक्त उजव्या अर्ध्यातल्या तारखा वाचायच्या. डावीकडच्या तारखा त्यांच्या लेखी नव्हत्याच. मान वळवायला लावणं, लाल पट्टी शोधायला लावणं, पुन्हा मध्यावर आणणं, हे रोज. पुढे त्या बाजारात परत बसायला लागल्या तेव्हा मी एकदा लांबून पाहिलं. डावीकडे उभी राहिलेली दोन गिऱ्हाइकं कंटाळून निघून गेली. मग सुनेने जागा बदलून दिली, भिंत डावीकडे येईल अशी. व्यायामाने जे जमलं नाही ते जागेने जमवलं.

त्यांच्याच वेळची एक गोष्ट पुस्तकात सापडणार नाही. हार्नेसला मांड्यांतून जाणारे दोन पट्टे असतात. सहावारी साडी किंवा गाऊन घातलेल्या बाईला तो चढवणं म्हणजे तिचा अपमान करण्यासारखंच असतं, आणि हॉलमध्ये चार पुरुष बसलेले असतात. कित्येक बायका एवढ्यासाठी मशीन नको म्हणायच्या. कारण विचारलं तर चक्कर येते असं सांगायच्या. कोळणीचं लुगडं मात्र कासोट्याचं, पोटरीपर्यंत घट्ट. त्यावर हार्नेस असा बसला की जणू त्यासाठीच शिवला होता. बाकीच्यांसाठी आम्ही सलवारी आणून ठेवल्या आणि हॉलला पडदा लावला. चक्कर येण्याचं प्रमाण बरंच कमी झालं.

आकड्यांचं वेड हा वेगळाच ताप आहे. संध्याकाळी मुंबईहून, कधी दुबईहून मुलाचा फोन येतो, ‘आज किती स्पीड?’ बाबाही मग आकड्याच्या मागे लागतात. आकडा वाढवायचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे दांडा घट्ट धरणं. म्हणून मी समोरच्या आकड्यांवर नॅपकिन टाकते. आकडे निरर्थक आहेत असं नाही. जॅकलिन पेरी यांनी १९९५ मध्ये लकव्याच्या पेशंटांचे चालण्याच्या वेगावरून गट पाडले, ते आम्ही रोज वापरतो. सेकंदाला ०.४ मीटरच्या खाली असेल तर माणूस घरापुरता. ०.८ च्या वर गेला तर बाहेरच्या जगात मोकळा. तासाच्या हिशेबात हे साधारण दीड आणि तीन किलोमीटर. पण हा वेग जमिनीवरचा. मशीनवर समोरची भिंत जागची हलत नाही आणि पाय तर चाललेले असतात, म्हणजे डोळे एक सांगतात आणि पाय दुसरं. उतरल्यावर पहिली काही पावलं फरशीच पळतेय असं वाटतं. नवख्या पेशंटला उतरवून लगेच सोडून देऊ नये, खुर्चीत बसवावं, हे मी प्रत्येक नव्या मदतनिसाला पहिल्याच दिवशी सांगते. तोल मोजायला आम्ही बर्ग यांची चाचणी घेतो. चौदा कामं, एकूण गुण ५६. त्यात आधाराशिवाय उभं राहणं आहे, मागे वळून बघणं आहे, जमिनीवरची वस्तू उचलणं आहे, एका पायावर उभं राहणं आहे. चालणं मात्र त्यात नाही, आणि नातेवाइकांना ते पटवणं फार जड जातं.

मुलांच्या प्रेमातून आलेल्या घरगुती ट्रेडमिली हा तर स्वतंत्र लेखाचा विषय. मुलगा ऑनलाइन मागवतो, टेम्पो दारात येतो, आठ माणसं मशीन माडीवर चढवतात. घरगुती मशीन बहुधा ताशी एक किलोमीटरच्या आसपास सुरू होते, आणि लकव्याच्या पेशंटला तोच वेग धावण्यासारखा वाटतो. दांडे आखूड, पट्टा अरुंद, वर हार्नेस नाही. आणि मध्येच वीज गेली की पट्टा थांबतो, माणूस थांबत नाही. खाऱ्या हवेने वर्षभरात स्क्रू गंजतात, सर्किटबोर्ड जातो. बहुतेक मशिनींवर नंतर पावसाळ्यात कपडे वाळतात. वाईट वाटतं, पण पेशंटच्या जिवाच्या दृष्टीने तेच बरं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर येऊन आदळलं. लॉकडाऊनमुळे क्लिनिक आधीच बंद-चालू होतं, आता वीजही गेली. खाली श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडकडच्या कित्येक गावांत तर आठवड्यांमागून आठवडे अंधार होता. पत्रे उडालेले, पोफळी एकावर एक आडव्या. मशीनचा प्रश्नच मिटला. रस्ते मोकळे झाले तसतशी मी मास्क लावून स्कूटरवरून जवळच्या घरांना जायला लागले.

वाडीवाल्या काकांच्या घरी गेले तर ते पडवीत नव्हते. मागे वाडीत होते, एकटे, हातात काठी. झाडं मोजत होते. आडव्या पडलेल्या पोफळीपाशी आले की काठी पलीकडे टेकवायची, अधू पाय उचलून खोडावरून पलीकडे न्यायचा, मग दुसरा. नजर खाली पायांकडे नव्हती, पुढच्या खोडाकडे होती. जो माणूस महिनोन्महिने एक बोट दांड्यावरून उचलायला तयार नव्हता, त्याला मी तिथे नुसती उभी राहून बघत होते. एकदा घसरून बसलेही होते म्हणे. खरचटलं, मोडलं काही नाही. मला म्हणाले, नवं झाड फळायला पाच-सात वर्षं लागतात, तेवढं आयुष्य आहे का माझं, ते तेवढं सांगा. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी त्यांची बर्गची चाचणी घेतली, तिथेच, अंगणात. गुण वाढलेले होते.

यावरून कुणी असं समजू नये की वादळाने लोकांना बरं केलं. त्याच आठवड्यांत माझे बरेच पेशंट मागे गेले. अंधाऱ्या घरात खाटेवर पडून राहिले, घोटे आखडले, एकजण न्हाणीघरात पडून खुबा मोडून घेऊन बसला. काकांच्या बाबतीत जे झालं त्यामागे मशीनवरचे सगळे महिने होतेच. पायात ताकद आणि दम तिथूनच आला होता. फक्त ती ताकद तोल म्हणून वापरायला त्यांना काहीतरी ओलांडावं लागलं, आणि ते ओलांडण्याचं कारण त्यांचं स्वतःचं होतं.

तसं पाहिलं तर हे आम्हाला कागदावर माहीत होतंच. २०११ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, पामेला डंकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. झटका आलेली ४०८ माणसं. काहींना वजन उचलून धरणारी ट्रेडमिल, झटक्यानंतर दोन महिन्यांनी किंवा सहा महिन्यांनी. उरलेल्यांना फिजिओथेरपिस्टने घरी जाऊन दिलेले ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम. वर्षअखेरीस साधारण निम्मी, ५२ टक्के माणसं चालण्यात वरच्या पायरीवर गेलेली होती, आणि गटागटांत फरक नव्हता. महागडं मशीन आणि घरची खुर्ची, दोघांचा निकाल एकच. उलट ज्यांचं चालणं फारच अवघड होतं आणि ज्यांना मशीनवर लवकर घेतलं होतं, त्यांच्यात वारंवार पडण्याचं प्रमाण जास्त दिसलं. पुढे असे अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्षही त्याच वळणाचा आहे. ज्याला आधाराशिवाय चालताच येत नाही, त्याला ट्रेडमिल चालतं करत नाही. ज्याला थोडंफार चालता येतं, त्याचा वेग आणि दम मात्र ती वाढवते. मी हे सगळं वाचलेलं होतं, इतरांना सांगतही होते. पण हॉलमध्ये मशीन आहे आणि नातेवाईक तिच्याकडे बघतायत म्हटल्यावर हात तिकडे वळतोच.

आता आमचा क्रम असा आहे. घरातल्या घरात काठीने का होईना चालता येत असेल तर पट्टा. त्याआधी बीपी बघायचं. वरचं १८० च्या पुढे असेल तर त्या दिवशी पट्टा बंद, कितीही गयावया केली तरी. पट्ट्यावर सरळ चालणं थोडा वेळ, बाकी वेळ आडवी पावलं आणि उलटं चालणं, अगदी गोगलगायीच्या गतीने. उलटं चालताना पायाकडे बघून काही उपयोग नसतो, त्यामुळे नजर आपोआप वर येते आणि खुबा मागे जातो. दांडा सुटायची वेळ येते ती बहुधा इथेच. आणि पट्ट्यावर जे जमलं ते त्याच दिवशी फरशीवर, पायरीवर, अंगणात करून बघायचं. नाहीतर ते मशीनचंच राहतं.

ज्यांना झेपतं त्यांना मी ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर नेते. अलिबागची ओली पुळण ओहोटीला चांगली घट्ट असते, तिथून सुरुवात. पाण्याच्या कडेला जरा उतार असतो, म्हणजे एक पाय वर, एक खाली. जाताना अधू पाय खालच्या बाजूला, येताना वरच्या. मग हळूहळू सुरूच्या झाडांकडे, कोरड्या भुसभुशीत वाळूत. कोरड्या वाळूत चालायला कडक जमिनीच्या दुपटीहून जास्त श्रम पडतात, त्यामुळे तिथे पावलं मोजूनमापून. समोर कुलाबा किल्ला दिसत असतो. ओहोटीला लोक पायी जातात, घोडागाड्याही जातात. बहुतेक जण कधी ना कधी विचारतात, किल्ल्यातल्या गणपतीला चालत जाता येईल का? वाटेत शेवाळलेले खडक आहेत, पाणी परत चढायची वेळ ठरलेली आहे, आणि लकव्याच्या पायाला घाई करता येत नाही. मी घोडागाडीने जा म्हणते. दोघे-तिघे मला न सांगता चालत जाऊन आले. प्रसाद आणून दिला तेव्हा कळलं.

तांडेल शेवटी होडीत बसले. जाळी ओढायला नाही, नुसते बसायला आणि पोरांवर ओरडायला. धक्क्यावरून होडीत उतरणं हेच त्यांचं खरं काम होतं. ओहोटीला होडी खोल जाते, भरतीला धक्क्याला येते, आणि सारखी वरखाली होत असते. ती वर येते त्या क्षणी पाय टाकायचा. हे मी त्यांना शिकवलेलं नाही. मी फक्त पायात तेवढी चपळाई परत यावी म्हणून पट्टा चालू-बंद करत राहिले. त्यांनी भरतीच्या वेळीच जायचं ठरवून टाकलं. तिथीचा हिशेब उपयोगी पडला.

सगळ्यांचं असं होत नाही, हेही सांगायला हवं. कितीतरी जण एका पातळीवर येऊन थांबतात. पैसे संपतात, सुनेची कंबर जाते, गणपतीपर्यंत बघू म्हणत येणं बंद होतं. एक निवृत्त गृहस्थ आजतागायत वॉकर सोडू शकलेले नाहीत. मी सुरुवातीला त्यांच्या मागे लागायचे, आता लागत नाही. वॉकर घेऊन ते रोज कट्ट्यावर जातात, भांडतात, पेपर वाचतात. कुणाच्या हातात काय असावं हे ठरवण्याचा माझा अधिकार कुठे संपतो, हे मला या कामात फार उशिरा कळलं आणि अजूनही दर वेळी कळतंच असं नाही.

सध्या आमचं जुनं मशीन मोडकळीला आलंय. खालची फळी फुगली आहे, पट्टा एका बाजूला सरकतो आणि थांबताना गचका देतो. नवं घ्यायचं चाललंय. विक्रेता फोनवर सांगत होता, ताशी अठरा किलोमीटरपर्यंत जातं, पंधरा अंश चढ, ब्लूटूथ आहे, समोर स्क्रीनवर स्वित्झर्लंडचे डोंगर दिसतात. मी विचारलं, कमीत कमी किती? म्हणाला, पॉइंट आठ. मी म्हटलं, मला पॉइंट एक-दोनला सुरू होणारं हवं, दांडे पूर्ण लांबीचे हवेत, पट्टा उलटा चालायला हवा आणि वीज गेली तर हळूहळू थांबायला हवा. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, मॅडम, खालचा स्पीड कुणी विचारत नाही. कंपनीला विचारून कळवतो.